तेल महागलं, मग तेल कंपनीचा शेअर का पडला?

१. नेहमीचा प्रश्न

तेलाचा भाव चढू लागला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. कंपनीच्या बसमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत. "तेल भडकलंय म्हणे. मग एखाद्या तेल कंपनीचा शेअर घेऊन ठेवावा का?" प्रश्न रास्त आहे. ज्या मालाचा भाव वाढतो तो विकणाऱ्याची चांदी होते, हे आपण मंडईत लहानपणापासून बघत आलोय.

पण २०२२ साल आठवून पाहा. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. ब्रेंट जातीचं कच्चं तेल २०१४ नंतर पहिल्यांदाच बॅरलमागे १०० डॉलरच्या वर गेलं आणि मार्चच्या सुरुवातीला काही काळ १३९ डॉलरपर्यंत पोचलं. पुढच्या एप्रिल ते जून या तिमाहीत हिंदुस्तान पेट्रोलियमला १०,१९७ कोटी रुपयांचा तोटा झाला. इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम धरून तिन्ही सरकारी कंपन्यांचा एका तिमाहीतला तोटा १८,४८० कोटींचा होता. कंपन्या तेलाच्याच, तेजी तेलाचीच, आणि पदरात तोटा.

असं का होतं हे समजून घ्यायला ताथवड्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. मुंबई–बंगळुरू महामार्गाला लागून असलेलं हे गाव आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. महामार्गापलीकडे हिंजवडी, दुसऱ्या अंगाला पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि त्यापुढे चाकण. एकाच इमारतीत वाहन कारखान्यातला अभियंता, संगणक कंपनीतली टेस्टर आणि तीन-चार मोल्डिंग मशीनवर पोट असलेला छोटा उद्योजक राहतो. तिघांचेही पैसे म्युच्युअल फंडात आहेत, तिघांच्याही डोक्यावर गृहकर्ज आहे. तेलाचा भाव हलला की या तिघांच्या घरात वेगवेगळ्या दारांनी शिरतो. ती दारं एकेक करून पाहू. शेअर घ्यावा की नाही, हा प्रश्न त्यानंतरच नीट विचारता येतो.

२. एका बॅरलचा हिशेब

बॅरल म्हणजे १५९ लिटर. भारतीय शुद्धीकरण कारखाने वेगवेगळ्या जातींचं तेल घेतात, त्यांचा एक सरासरी भाव काढला जातो. बातम्यांत ज्याला 'इंडियन बास्केट' म्हणतात तो हाच.

समजा हा भाव ८० डॉलर आहे आणि डॉलर ८४ रुपयांना आहे. बॅरल पडलं ६,७२० रुपयांना, म्हणजे लिटरमागे ४२ रुपये. २०२४ मध्ये पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास होतं. मधले साठेक रुपये शुद्धीकरण, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट यांत जातात, आणि त्यातला मोठा वाटा करांचा असतो.

आता भाव १० डॉलरनं वाढला असं धरा. १० डॉलर म्हणजे ८४० रुपये, भागिले १५९, म्हणजे लिटरमागे सव्वापाच रुपये. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेल १० डॉलरनं चढलं की कोणाला तरी लिटरमागे सव्वापाच रुपये सोसावे लागतात. गाडीवाल्यानं पंपावर सोसावेत, सरकारनं कर कमी करून सोसावेत, की तेल कंपनीनं आपल्या नफ्यातून सोसावेत, एवढाच प्रश्न उरतो. बाजारातली बरीचशी पळापळ याच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहताना होते.

कागदावर पाहिलं तर पेट्रोलचे दर २६ जून २०१० पासून आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त आहेत. १६ जून २०१७ पासून ते रोज बदलायचे असंही ठरलं. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ पासून पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत, म्हणजे २२ मार्च २०२२ पर्यंत, दर जागचे हलले नाहीत. मग सोळा दिवसांत दहा रुपये वाढ झाली आणि ६ एप्रिलपासून पुन्हा सगळं थांबलं. तिकडे कच्चं तेल शंभरीच्या वर होतं. पहिल्या भागातला तोटा इथून आला.

उलट दिशेनंही हेच घडतं. २०२० च्या टाळेबंदीत तेल कोसळलं तेव्हा केंद्रानं मे महिन्यात पेट्रोलवरचं शुल्क १० रुपयांनी आणि डिझेलवरचं १३ रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई सरकारच्या तिजोरीत गेली, पंपापर्यंत आली नाही. म्हणून नुसता ब्रेंटचा भाव बघून आपल्याकडच्या कंपनीबद्दल मत बनवू नये.

३. डॉलरचं बिल

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये चुकवतो. २०२०-२१ मध्ये, टाळेबंदीच्या वर्षात, हे बिल ६२ अब्ज डॉलर होतं. दोन वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, ते १५७ अब्जांवर गेलं. या काळात आयात वाढली ती सुमारे १९.६ कोटी टनांवरून २३.३ कोटी टनांवर. म्हणजे माल वाढला पाचव्या हिश्शाहून कमी आणि बिल झालं अडीचपट.

२३ कोटी टन म्हणजे साधारण १७० कोटी बॅरल. एका बॅरलमागे एक डॉलर वाढला तर वर्षाला १७० कोटी डॉलर, म्हणजे ८४ च्या दरानं चौदा हजार कोटी रुपयांहून थोडे जास्त. फक्त एका डॉलरमागे. शुद्ध केलेलं डिझेल-पेट्रोल आपण निर्यातही करतो, त्यामुळे थोडी भरपाई होते, तरी ओझं मोठंच राहतं.

हे डॉलर तेल कंपन्यांना बाजारातून विकत घ्यावे लागतात. मागणी वाढली की डॉलर महागतो. युद्धाआधी ७५ च्या आसपास असलेला डॉलर ऑक्टोबर २०२२ मध्ये ८३ वर गेला. रुपयाला आधार द्यायला रिझर्व्ह बँकेनं डॉलर विकले. २०२१ च्या शेवटच्या महिन्यांत ६४० अब्ज डॉलरच्या घरात असलेली परकीय गंगाजळी ऑक्टोबर २०२२ पर्यंत ५२५ अब्जांच्या आसपास आली. त्यातली काही घट इतर चलनं आणि रोखे स्वस्त झाल्यामुळे होती, पण विकलेले डॉलरही थोडे नव्हते. रुपया पडला की १०० डॉलरचं बॅरल ७,५०० ऐवजी ८,३०० रुपयांना पडतं. तेल एक पैसाही न वाढता आपल्यासाठी महाग होतं.

परदेशी गुंतवणूकदाराला यात दुहेरी फटका दिसतो. त्याचे शेअर रुपयात पडतात आणि रुपया डॉलरमध्ये पडतो. २०२२ या वर्षात परदेशी संस्थांनी भारतीय शेअर बाजारातून निव्वळ सव्वा लाख कोटी रुपयांच्या आसपास काढून घेतले. त्यात अमेरिकेतल्या व्याजदरवाढीचाही मोठा हात होता. सगळा दोष तेलावर टाकणं बरोबर होणार नाही.

४. भाव का वाढला, हे आधी विचारा

'तेल वाढलं की बाजार पडतो' हे वाक्य अर्धवट आहे. २००३ च्या वसंतात सेन्सेक्स ३,००० च्या आसपास होता आणि तेल तीसेक डॉलरला. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सनं २१,००० ला हात लावला, तेव्हा तेलही शंभरीला टेकलं होतं. पाच वर्षं दोघं हातात हात घालून चढले. चीन आणि भारतासारख्या देशांत कारखाने, रस्ते, वाहनं वाढत होती, म्हणून तेलाला मागणी होती. त्याच वाढीतून कंपन्यांचा नफाही येत होता. चाकणचा पट्टा भरायला लागला तो याच लाटेत.

१९७३ ची गोष्ट वेगळी होती. अरब देशांनी पुरवठा आवळला आणि तीन डॉलरच्या आसपासचं तेल काही महिन्यांत बारा डॉलरपर्यंत गेलं. कोणाचीही कमाई वाढली नव्हती, फक्त बिल वाढलं. २०२२ ची वाढही मुख्यतः पुरवठ्याच्या भीतीची होती. २४ फेब्रुवारीला एका दिवसात सेन्सेक्स २,७०२ अंकांनी पडला.

तिसरी जात नुसत्या भीतीची. १३ जून २०२५ ला इस्रायलनं इराणवर हल्ला केला. जगाच्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो. ती बंद पडेल या धास्तीनं ब्रेंट ७० च्या आतून ८० च्या वर गेलं. सामुद्रधुनी चालू राहिली आणि दोन आठवड्यांच्या आत भाव पुन्हा सत्तरच्या खाली आला. मधल्या दिवसांत ज्यांनी घाईनं तेलाचे शेअर घेतले, त्यांनी भीती सर्वांत महाग दरानं विकत घेतली.

५. रेपो, हप्ता आणि शेअरची किंमत

डिझेल महागलं की भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळ्याच्या भाड्यात भर पडते. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, वाढवते. ४ मे २०२२ ला ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता तिनं तो ४ टक्क्यांवरून ४.४० केला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला.

ताथवड्यात घर घेतलेल्या कुटुंबाचा हिशेब करू. ५० लाखांचं कर्ज, वीस वर्षं, बदलता व्याजदर. ६.७ टक्के दरानं हप्ता साधारण ३७,९०० रुपये. रेपोएवढीच अडीच टक्के वाढ बँकेनं ग्राहकावर टाकली तर ९.२ टक्के दरानं हप्ता ४५,६००. महिन्याला ७,७०० रुपये गेले. बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे दुखणं लगेच जाणवत नाही, पण पैसे जातातच. हे कुटुंब यंदाची नवी गाडी पुढच्या वर्षावर ढकलतं आणि त्याची झळ चाकणच्या असेंब्ली लाइनला बसते.

व्याजदराचा शेअरच्या किमतीशी थेट संबंध आहे, आणि तो बहुतेक वाचकांना अवघड वाटतो. एक उदाहरण पुरेसं आहे. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांसाठी तुम्ही आज किती द्याल? सुरक्षित ठेवीवर ६ टक्के मिळत असतील तर ५६ रुपये, कारण ५६ रुपये ठेवीत ठेवले की दहा वर्षांनी जवळपास १०० होतात. ठेवीवर ८ टक्के मिळू लागले तर ४६ रुपयेच द्याल. पुढे मिळणारी रक्कम तीच असूनही तिची आजची किंमत दहा रुपयांनी घसरली. शेअर म्हणजे कंपनीच्या पुढच्या नफ्यातला वाटा. म्हणून ज्या कंपन्यांचा नफा दूरच्या भविष्यात आहे, त्यांचे शेअर व्याजदरवाढीत जास्त आपटतात. नव्या ऊर्जेच्या कंपन्या बहुधा याच गटात मोडतात. तेल महाग झालं म्हणून सौरऊर्जेचा शेअर वाढेल अशी आशा धरणाऱ्यांना हा धक्का अनपेक्षित असतो.

६. शेडमधला दाणा

तेल फक्त जळत नाही, ते रोजच्या वापरातल्या वस्तूंत जाऊन बसतं. गाडीचा डॅशबोर्ड, बंपर, दाराचं आतलं पॅनेल हे सगळं पॉलिप्रॉपिलीनचं, आणि पॉलिप्रॉपिलीन तेल-वायूपासूनच येतं. टायरमधलं कृत्रिम रबर, रंगातले द्रावक, इंजिनातलं वंगण, यांचंही मूळ तेच. म्हणून रंग आणि टायर कंपन्यांचे शेअर तेल चढलं की बहुधा उतरतात.

पण मोठ्या कंपनीपेक्षा हे दुखणं छोट्या शेडमध्ये स्पष्ट दिसतं. भोसरी-चाकणकडच्या कुठल्याही मोल्डिंग शेडमध्ये गेलात तर दारापाशी पंचवीस किलोच्या गोण्यांची थप्पी असते. तिला तिथं सगळे 'दाणा' म्हणतात. मशीनवरच्या हॉपरमध्ये दाणा ओतायचा, तो वितळून साच्यात जातो आणि मिनिटाभरात क्लिप किंवा झाकण होऊन बाहेर पडतो. मालक दिवसातून दोनदा दाण्याचा दर विचारतो.

समजा त्याला महिन्याला १० टन दाणा लागतो आणि दर किलोला १०० वरून १२० झाला. महिन्याचा खर्च दोन लाखांनी वाढला. वाहन कंपनी दरातला फरक भरून देते, पण बहुधा तिमाहीच्या हिशेबानं आणि मागाहून. त्याला तीन महिने सहा लाख रुपये स्वतः उभे करावे लागतात, शिवाय बिलाचे पैसे पंचेचाळीस-साठ दिवसांनी येतात. तो बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून उचल घेतो आणि त्याच सुमारास त्या उचलीवरचं व्याजही वाढलेलं असतं. कागदावर त्याचा धंदा नफ्यात असूनही चालू खात्यात पगारापुरते पैसे नसतात. मला वाटतं, तेलाच्या तेजीची खरी किंमत मोजायची तर सेन्सेक्सच्या अंकांआधी अशा शेडचं बँक स्टेटमेंट बघावं. नोकऱ्या तिथं असतात आणि पहिली कपात तिथंच होते.

७. काढणारे, दळणारे आणि विकणारे

आता मूळ प्रश्नाकडे. 'तेल कंपनी' असं एकाच नावानं ओळखल्या जाणाऱ्या तीन वेगळ्या धंद्यांत गल्लत होते.

पहिला धंदा जमिनीतून तेल काढण्याचा. आपल्याकडे ओएनजीसी आणि ऑइल इंडिया. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगनं फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं. १९७३ च्या धक्क्यानंतर काही महिन्यांतच लागलेला हा शोध महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरची फार मोठी घटना होती. २१ मे १९७६ ला या तेलक्षेत्राचं, म्हणजे बॉम्बे हायचं, उत्पादन सुरू झालं आणि १९८५ मध्ये ते दिवसाला चार लाख बॅरलच्या वर गेलं. आज ते त्याच्या साधारण एक तृतीयांशावर आहे. तेल काढण्याचा खर्च बाजारभावाबरोबर फारसा वाढत नाही, मग भाव ७० वरून १०० झाला की वरचे ३० डॉलर नफ्यात पडायला हवेत.

हवेत, पण पडतातच असं नाही. २०१२-१३ मध्ये डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस स्वस्त ठेवण्याचा भार १.६१ लाख कोटी रुपयांचा होता. त्यातले सुमारे ६०,००० कोटी तेल काढणाऱ्या सरकारी कंपन्यांनी सवलतीच्या रूपानं उचलले. ती पद्धत पुढे बंद झाली. मग १ जुलै २०२२ ला सरकारनं देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपयांचा आकस्मिक नफ्यावरचा कर लावला. त्या एका दिवसात ओएनजीसीचा शेअर १३ टक्क्यांनी आणि रिलायन्सचा ७ टक्क्यांनी पडला. रिलायन्सवर परिणाम झाला तो मुख्यतः इंधनाच्या निर्यातीवर त्याच दिवशी बसवलेल्या करामुळे. हा कर डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. सरकारला पैशांची गरज होती, हे मान्य. पण गुंतवणूकदाराच्या दृष्टीनं गोष्ट साफ आहे: तेल पडलं तर तोटा पूर्ण तुमचा, चढलं तर नफ्याला वरून मर्यादा.

दुसरा धंदा शुद्धीकरणाचा. इथं पिठाच्या गिरणीची तुलना चपखल बसते. ज्वारी चाळीस रुपये किलो असो की साठ, गिरणीवाल्याची कमाई दळणावळीत असते. शुद्धीकरण कारखान्याची दळणावळ म्हणजे कच्च्या तेलाचा भाव आणि त्यातून निघणाऱ्या पेट्रोल-डिझेलचा भाव यांतला फरक. २०२२ च्या मध्याला जगभर डिझेलची टंचाई होती, म्हणून हा फरक विक्रमी होता. तेल महाग होतं म्हणून नव्हे. उलट कच्चं तेल कोसळलं तर टाक्यांत आधी महागात घेऊन ठेवलेला साठा अंगावर येतो. २०२० च्या जानेवारी ते मार्च तिमाहीत इंडियन ऑइलला ५,१८५ कोटींचा तोटा झाला, त्यामागे मुख्य कारण हेच होतं.

तिसरा धंदा पंपावर विकण्याचा. माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यातून हिंदुस्तान पेट्रोलियमचं इंधन नळानं लोणी काळभोरला येतं आणि तिथून टँकरनं ताथवडे-वाकडच्या पंपांवर. आता गिरणीवाल्यालाच पिठाचं दुकान असेल आणि पिठाचा दर वाढवायची मुभा नसेल, तर दळणावळीत कमावलेलं दुकानात जातं. हिंदुस्तान पेट्रोलियमचं नेमकं हेच झालं, आणि तिची विक्री तिच्या स्वतःच्या शुद्धीकरणापेक्षा जास्त असल्यामुळे तिला सगळ्यात जास्त लागलं. पुढच्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, कच्चं तेल उतरलं, पंपावरचा दर मात्र मार्च २०२४ पर्यंत तसाच राहिला, आणि तिन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ८१,००० कोटींचा नफा कमावला. तेल उतरताना या कंपन्यांचे शेअर चढतात, हे आता कोड्यासारखं वाटू नये.

दर असे बांधून ठेवल्याचा आणखी एक परिणाम ताथवड्यानं स्वतः पाहिलाय. घरगुती सिलिंडरवरच्या तोट्यापोटी सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये तेल कंपन्यांना २२,००० कोटी रुपये दिले, म्हणजे खरा दर कोणीतरी भरतच होतं. घरगुती आणि व्यावसायिक सिलिंडरच्या दरांत अंतर असतं, टँकरमधल्या घाऊक गॅसचा दर आणखी वेगळा. अशा अंतरात चोरटा धंदा फोफावतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्री ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडरमध्ये गॅस भरताना लागोपाठ स्फोट झाले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. दिवसा तिथं मुलं असती, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

८. बॅरलच विकत घेतलं तर?

कंपन्यांची ही भानगड नको, थेट तेलच घेऊ, असं काहींना वाटतं. मुंबईच्या एमसीएक्स बाजारात कच्च्या तेलाचे वायदे चालतात. वायदा म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या दरानं घेण्या-देण्याचा करार. तेल हातात येत नाही, तारखेला फरकाची रक्कम चुकती होते.

२० एप्रिल २०२० ला टाळेबंदीमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचला बंद झाला, तेव्हा चालू वायदा ९६५ रुपयांना होता. अनेकांनी 'याहून खाली काय जाणार' म्हणून खरेदी केली होती. त्या रात्री अमेरिकेत तेल ठेवायला टाक्याच उरल्या नाहीत आणि तिथला वायदा उणे ३७.६३ डॉलरवर मिटला. एमसीएक्सनं त्यानुसार हिशेबाचा दर लावला उणे २,८८४ रुपये. एक वायदा १०० बॅरलचा. ९६५ ला घेतलेल्याचा तोटा बॅरलमागे ३,८४९ रुपये, म्हणजे एका वायद्यावर ३,८४,९०० रुपये. गुंतवलेले पैसे बुडाले एवढ्यावर भागलं नाही, वर देणं निघालं. ज्यांचा धंदा तेलावर चालतो त्यांना भाव बांधून घ्यायला वायदा उपयोगी आहे. पगारदारानं त्यात पडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

९. वारा, ऊस आणि सीएनजी

तेल महागलं की पर्यायी ऊर्जा वाढणार, हा तर्क बरोबर आहे. त्यावरून लगेच शेअर घेण्यात गडबड आहे, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचंच आहे.

पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचे शेअर २००५ मध्ये बाजारात आले. तेल शंभरीकडे धावत असताना, जानेवारी २००८ मध्ये, हा शेअर चारशे रुपयांच्या वर होता. कंपनीनं कर्ज काढून जर्मनीतली आरईपॉवर ताब्यात घेतली. मग अमेरिकेत पात्यांना तडे जाण्याच्या तक्रारी आल्या, जागतिक मंदी आली, तेल १४७ डॉलरवरून वर्षअखेर चाळिशीत आलं, आणि २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची देणी थकली. २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या खाली गेला. वाऱ्यावरची वीज त्या सगळ्या वर्षांत देशात वाढतच होती. ऊर्जेचं भविष्य खरं ठरलं, भागधारकाला मारलं ते कर्जानं. त्यानंतर कंपनी कर्जातून बाहेर आली, पण तोवर किती जणांची निवृत्तीची पुंजी अडकून पडली होती, हे पुण्यातल्या शेअर दलालांना विचारावं.

इथेनॉलचंही बघा. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज इथेनॉलचे प्रकल्प उभारते, आणि महाराष्ट्रातले कितीतरी साखर कारखाने आता इथेनॉलवर उभे आहेत. पेट्रोलमधलं मिश्रण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. पण इथेनॉलचा खरेदी दर सरकार ठरवतं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या काळजीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली, शेअर घसरले, आणि दहा दिवसांच्या आत मर्यादित परवानगी दिली. या काळात कच्च्या तेलाच्या भावाचा यात काही हात नव्हता.

सीएनजीकडे लोक स्वस्त म्हणून वळले. बजाजनं जुलै २०२४ मध्ये पुण्यात सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल आणली. पण गॅसही तेलाच्या नात्यातलाच आहे. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला आणि पुण्यात सीएनजी किलोला ६२ रुपये २० पैसे झाला. ऑगस्टपर्यंत तो ९१ वर गेला, कारण देशी गॅसचा दर दुपटीनं वाढवला होता आणि आयात गॅस त्याहून भडकला होता. एप्रिल २०२३ पासून देशी गॅसचा दर कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्के असा बांधलाय, वर मर्यादा ठेवून. आकुर्डी, पिंपरी, वाकडला रिक्षा चालवणाऱ्यांनी या चार महिन्यांत जे सोसलं ते कुठल्या निर्देशांकात दिसत नाही.

१०. तुमच्या पगारात आधीच तेल आहे

आता ताथवड्यातल्या त्या घरांकडे परत येऊ. चाकणच्या वाहन कंपनीत नोकरी, त्याच कंपनीचे मिळालेले शेअर, वाहन क्षेत्राचा फंड आणि बदलत्या दराचं गृहकर्ज: या चारही गोष्टी तेल चढलं की एकाच बाजूला झुकतात. अशा माणसानं तेलाच्या तेजीवर काही कमावण्यापेक्षा आधी वाहन क्षेत्रातला फंड कमी करणं जास्त उपयोगाचं. हिंजवडीतल्या संगणक कंपनीचं उत्पन्न डॉलरमध्ये येतं, रुपया पडला की तिला थोडा फायदा होतो. नवरा चाकणला आणि बायको हिंजवडीला असेल, तर त्या घरात आपोआप थोडा तोल साधलेला असतो. दोघंही एकाच असेंब्ली लाइनवर असतील तर तो नसतो.

'एनर्जी' नावाचा फंड घेणार असाल तर त्याची दरमहा निघणारी यादी उघडून बघा. निफ्टी एनर्जी निर्देशांकात वीज बनवणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या कंपन्याही असतात, कोळसाही असतो. निफ्टी ऑइल अँड गॅसमध्ये सर्वांत मोठा हिस्सा रिलायन्सचा आहे, आणि रिलायन्सचा बराच नफा आता मोबाइल आणि दुकानांतून येतो. यादीतल्या प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहून ठेवा: ही कंपनी काय विकत घेते, आणि विकायचा दर कोण ठरवतं. दर सरकार ठरवत असेल तर निवडणुकांचं वेळापत्रकही ताळेबंदाइतकंच वाचावं लागेल.

सेन्सेक्स त्या २,७०२ अंकांच्या पडझडीनंतरही २०२२ वर्षअखेर आधीच्या वर्षापेक्षा सुमारे साडेचार टक्के वरच होता. परदेशी संस्था विकत होत्या तेव्हा देशातल्या लोकांचे एसआयपीचे पैसे दर महिन्याला येत होते, ऑक्टोबरमध्ये ते १३,००० कोटींच्या वर गेले. २४ फेब्रुवारीला घाबरून एसआयपी बंद करणाऱ्यांपैकी जे वर्षअखेर परतले, त्यांना जास्त दरानं यावं लागलं.

आणि मोल्डिंगवाल्यानं ओएनजीसीचा शेअर घेऊन दाण्याच्या भाववाढीची भरपाई करायला जाऊ नये. १ जुलै २०२२ सारखा एक दिवस त्यावर पाणी फिरवतो. पुढच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) सही करताना दाण्याच्या दरातला फरक तिमाहीऐवजी दर महिन्याला मिळेल अशी अट मागावी, आणि ती मिळेपर्यंत सीसीची मर्यादा तेल स्वस्त असतानाच वाढवून घ्यावी. तेल चढल्यावर बँकेत त्याच अर्जाची रांग लागलेली असते.